जागल

मार्चमधली दुपार. जुन्नर तालुक्यातल्या एका फडात ऊसतोड चालू होती आणि फडाच्या मधोमध, सरीतल्या पाचटावर, बिबट्याची तीन पिल्लं सापडली. मी शेजारच्या मळ्यात मित्राकडे गेलो होतो. बातमी बांधावरून पळत आली, तसे आम्हीही पळत गेलो. पिल्लांचे डोळे नुकते उघडलेले, निळसर, नजर कुठेच न ठरणारी. ओलसर पाचटाचा आणि दुधाचा एकत्र असा कोंदट वास येत होता. एक पिल्लू दुसऱ्याच्या पोटाखाली डोकं खुपसत होतं, तिसरं तोंड उघडून ओरडायला बघत होतं पण त्याचा आवाज जेमतेम फुटत होता. कोयते खाली ठेवले गेले. मुकादमाने टोळीला फडाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. वनखात्याची माणसं आली, त्यांनी पिल्लं तपासून प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये ठेवली. संध्याकाळी तेच कॅरेट, पिल्लं सापडली त्याच जागी, वर हलकं झाकण टाकून ठेवायचं ठरलं. शेजारच्या उसाच्या बुडख्याशी कॅमेरा बांधला. मादी रात्री येते, झाकण पाडते आणि एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन जाते. या भागात हे इतक्यांदा घडलं आहे की कर्मचाऱ्यांच्या हालचालीत कुठेही गडबड नव्हती.

टोळीतली एक बाई जरा बाजूला उभी होती. बीडकडची, कडेवर वर्षभराचं मूल. सगळ्यांचं बघून झाल्यावर तिने वनरक्षकाला विचारलं, "सायेब, ती तर आता रातच्याला येणार. मंग आमी कुठं निजावं?"

त्यांच्या कोप्या फडाला लागूनच होत्या. बांबूच्या कामट्या, वर पाचट आणि ताडपत्री, दाराला जुन्या साडीचा पडदा. वनरक्षक भला माणूस होता. शेकोटी चालू ठेवा, पोरांना मधे घ्या, बाहेर जायचं तर दोघींनी जा, असं त्याने मनापासून सांगितलं. बाईने ऐकून घेतलं, वाढ्याचा भारा डोक्यावर घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवशी मित्राने कॅमेऱ्यातलं चित्रण पाठवलं: हिरवट अंधारात मादी येते, थांबते, कान फिरवते, झाकण पडतं, आणि पहाटेपर्यंत तिन्ही पिल्लं हललेली. बघताना घशात काहीतरी दाटून आलं. पण ती बाई त्या रात्री झोपली का, हे मला कुणाला विचारता आलं नाही, आणि तिथपासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे.

उसात बिबट्या कसा, हे पुणे जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धरणं झाली, कालवे फिरले, बाजरीच्या जागी ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं, माणसाच्या डोक्यावरून जाणारं, आत गारवा आणि पाटाचं पाणी असलेलं पीक. आणि भोवती वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, वासरं. उसात जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या आणि उसातच व्यालेल्या माद्या इथे आहेत. त्यांना ‘जंगलात परत सोडा’ असं लोक म्हणतात, पण त्या जंगलातून आलेल्याच नाहीत. विद्या अत्रेय यांनी जुन्नर आणि अकोले भागातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. बिबट्या पकडून लांब नेऊन सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट जिथे सोडले तिथे वाढतात, हे त्यातून पुढे आलं. २००९ साली टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेल्या एका वयस्क नराला रेडिओ कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं होतं. ‘आजोबा’ हे त्याचं नाव. तो महिनाभरात सव्वाशेएक किलोमीटर चालत, महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत, मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाशी जाऊन पोहोचला. एवढ्या दाट वस्तीच्या मुलखातून गेला आणि कुणा माणसाच्या वाटेला गेला नाही.

आजोबाची गोष्ट मला फार प्रिय आहे. आणि तरी ती कुठेही सांगायची तर आता जीभ जड होते, कारण याच पट्ट्यात, शिरूर तालुक्यात, २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांच्या आत तीन जीव गेले. त्यांतली दोन लहान मुलं होती. लोक महामार्गावर येऊन बसले. त्यानंतर वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली: गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात काम करणाऱ्या बायका. तसले पट्टे मी हिमाचलात पाहिले होते. तिथले गद्दी मेंढपाळ बिबट्यापासून वाचवायला आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी दात्यांचा पट्टा घालतात. माणसाच्या गळ्यात तो पट्टा पाहिल्यावर मी कितीतरी वेळ ते पान उलटू शकलो नाही. आणि दिवसा हे, तर रात्रीचं काय? शेतीपंपाची लाईट काही दिवस रात्रीचीच असते. तेव्हा दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, माणूस बॅटरी घेऊन उसात उतरतो, पायाखाली चिखल, दोन्ही बाजूंनी पानांचा सळसळाट, आणि एका हातात फावडं असल्यामुळे बॅटरीचा झोत नुसता पुढेच पडतो. पाठीमागे अंधार.

माझं आजोळ वरोऱ्याकडचं, चंद्रपूर जिल्ह्यातलं. हरभऱ्याला घाटे धरले की मामा रात्री वावरात जायचे. जागलीला. नाताळच्या सुट्टीत आम्ही भाचे हट्ट करून त्यांच्याबरोबर जायचो. चार बल्ल्यांवर उभं केलेलं मचान, त्यावर तुराट्या आणि तणस, वर गोधडी. खाली शेकोटी. वावराच्या पलीकडच्या टोकाला एका काठीवर तेलाचा रिकामा डबा टांगलेला आणि त्याची दोरी थेट मचानापर्यंत आलेली. दोरी ओढली की अंधारात लांब कुठेतरी डबा खडखडायचा. ती दोरी ओढायला मिळावी म्हणून आम्ही भांडायचो. थंडी अशी की नाकाचा शेंडा बधिर व्हायचा. हरभऱ्याच्या पानांवरचा खार दवात उतरायचा, आणि त्या आंबट ओलसर वासात शेकोटीचा धूर मिसळायचा. तो वास मला आजही नुसता आठवला तरी येतो.

डुकरं आली की आधी काहीच दिसत नसे. ऐकू यायचं. घाटे चावल्याची कचकच, मधेच एक हुंकार, ढेकूळ फुटल्याचा आवाज. मामा अंगावरची गोधडी तशीच टाकून उभे राहायचे आणि पोटातून आरोळी द्यायचे. तिला शेजारच्या वावरातून उत्तर यायचं, मग त्याच्या पलीकडून, मग नाल्यापल्याडहून, आणि काही क्षण सगळ्या शिवारावर माणसांचे आवाज एकमेकांना धरून पुढे पुढे जात राहायचे. रोही, म्हणजे नीलगाई, यायचे ते मात्र आवाज न करता. चांदण्यात एकदम काळसर निळं काहीतरी उभं दिसायचं, घोड्याएवढं, मान वर करून आमच्याकडे बघणारं. ते पळत सुटलं की मामांच्या तोंडून शिवी जायची आणि पाठोपाठ, "काय जनावर हाय पण, बाप्पा!" हेही.

एका रात्री नाल्याकडून चितळाचा इशारा आला. एकदा, मग पुन्हा, मग लागोपाठ. शेकोटीपाशी बसलेलं कुत्रं उठून मचानाच्या खाली येऊन बसलं. पुष्कळ वेळाने, फार लांबून, वाघाची डरकाळी आली. खोल, ओढलेली, छातीत आधी वाजली आणि कानात नंतर. मी मामांचा दंड घट्ट धरला. मामा मात्र सैल झाले होते. त्यांनी गोधडी अंगावर ओढली आणि म्हणाले, "झोप आता. आज डुक्कर नाई येत इकडं." थोड्याच वेळात ते घोरायला लागले. त्या हंगामात त्यांना इतकी गाढ झोप लागलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वाघ आला म्हणून शेतकरी निवांत झोपला, हे मी पुढे अनेकांना सांगितलं तेव्हा बहुतेकांना ते खोटं वाटलं.

आता ते गणितही राहिलेलं नाही. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला त्या वेळी वाघ राहतील का, हीच शंका होती; २०२२च्या गणनेत देशात सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज आला आणि त्यांतले ४४४ एकट्या महाराष्ट्रात. ही खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि मला तिचा अभिमान आहे. पण चंद्रपुरात हे वाघ ताडोब्याच्या हद्दीत मावत नाहीत. ते ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांध्यांकडेला आहेत, वीजकेंद्राच्या झुडपांत आहेत, कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवर आहेत. एप्रिलमध्ये मोह गळतो तो रात्रीचा. पहाटे, गुरांनी आणि हरणांनी खाण्याआधी तो वेचायला बायका जंगलात जातात. टोपली घेऊन, वाकून, मान खाली घालून. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, असं तिथले जाणते सांगतात. मोह आणि पाठोपाठ तेंदूपत्ता, या दोन महिन्यांत जिल्ह्यात दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या घरी रडारड असते. मामांच्या गावात मचानं गेली. ज्यांना परवडतं त्यांनी झटका मशीन बसवलं, त्याचा धक्का बसतो पण जीव जात नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यातले काही थेट खांबावरून आकडा टाकून धुऱ्याला, म्हणजे बांधाला, तार लावतात. त्या तारेला डुक्कर चिकटतं, वाघ चिकटतो, आणि एका पहाटे गावातलाच एक शेतकरी चिकटला, वावर त्याच्या चुलतभावाचं होतं. दोन्ही घरं आजही समोरासमोर आहेत.

पुरंदर-बारामतीच्या माळांवर पावसाळ्यात धनगरांचे वाडे उतरतात. एका भाद्रपदात अशाच एका वाड्यावर चहाला बसलो होतो. गवत गुडघ्याला लागत होतं, वाऱ्याने सगळा माळ एका बाजूला झुकायचा आणि पुन्हा उभा राहायचा. म्हाताऱ्या धनगराला लांडग्याबद्दल विचारलं. "न्हेतंय की," तो म्हणाला. "वर्साला चार-पाच कोकरं त्येचीच. त्येनं तरी कुठं जावं?" मला ते बोलणं फार थोर वाटलं आणि मी तसं म्हणालोही. चुलीपाशी बसलेली त्याची बायको वर न बघता म्हणाली, "ह्यांला बोलाया काय जातंय. रातभर वाघरीभवती कोण हिंडतं?" मेंढरं कोंडायच्या जाळीची वाघर माणसाच्या कमरेएवढीही उंच नसते. तिच्याभोवती कुत्री, आणि कुत्र्यांच्या बरोबरीने ही बाई, पावसात डोक्यावर घोंगड्याची खोळ घेऊन. म्हातारा काही बोलला नाही. त्याचं म्हणणं खरं होतं आणि तिचंही. लांडग्याला वाटा देण्याची रीत त्या माळावर खरोखर आहे. फक्त तो वाटा राखायला जो पहारा लागतो, तो कुणाच्या पायांनी घातला जातो, हे आपण ऐकायला जात नाही. वाघोबाचे दगड, वाघबारस, सुंदरबनातली वनदेवी बोनबीबी, हे सगळं वाचताना आपल्याला भरून येतं. मलाही येतं. पण सुंदरबनात मध गोळा करायला पुरुष जंगलात उतरतो तेव्हा घरी त्याची बायको तो परत येईपर्यंत कुंकू लावत नाही, दिवसा चूल पेटवत नाही. हिंदू असो की मुसलमान, बोनबीबीचं नाव घेऊन, गरजेपुरतंच घेईन असं कबूल करून तो आत जातो. आणि त्याचे सगळे दिवस कुणीतरी घरात बसून मोजत असतं.

माळांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. सरकारी दप्तरात हे माळ ‘पडीक’ म्हणून लागलेले आहेत. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायची, सौर पॅनल उभे करायचे, कारखाना आणायचा, आणि मेंढरांनी आणि लांडग्यांनी दोघांनीही उठायचं. लांडग्याला विण्यासाठी उघडा माळ लागतो, गिरिपुष्पाची रांगेत लावलेली झाडी नाही. बरं, संरक्षण दिलं ते तरी कसं? सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. नकाशावर ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं आखलं गेलं. त्यात गावं आली, शेतं आली, बाजारपेठा आल्या. जमीन विकायची तर अडचण, घर बांधायचं तर अडचण. तीस-पस्तीस वर्षं लोकांनी त्या पक्ष्याच्या नावाने बोटं मोडली. पुढे हद्द १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत खाली आणली, पण तोवर गवताचे माळही घटले होते आणि पक्षीही. आज नान्नजला माळढोक दिसणं जवळपास संपलं आहे. ज्वारीच्या रानात माळढोक नाचताना पाहिलेली म्हातारी माणसं तिथे अजून आहेत. त्यांच्या बोलण्यात त्या पक्ष्याबद्दलचं प्रेम आणि त्याच्यामुळे झालेला त्रास एकाच वाक्यात येतो. त्यांना आधी कुणी विचारलं असतं तर?

विचारलं की काय होतं, याचं एक उदाहरण मी तमिळनाडूत वालपराईला पाहिलं. अनामलाईच्या डोंगरावर चहाचे मळे, मधेमधे वर्षावनाचे तुकडे, आणि या तुकड्यातून त्या तुकड्यात जाणारे हत्ती. मळ्यातले कामगार संध्याकाळच्या बसने उतरून धुक्यातून लाईनीतल्या घराकडे चालायचे आणि वळणावर हत्ती समोर यायचा. जे मेले त्यांतल्या बहुतेकांना हत्ती तिथे आहे याची कल्पनाच नव्हती. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं हत्तींच्या मागे फिरून, कामगारांशी बोलून हे शोधलं, आणि मग उपाय केला तो असा: हत्ती आज कुठे आहेत हे स्थानिक केबल टीव्हीवर पट्टी फिरवून सांगायचं, मोबाईलवर निरोप पाठवायचा, आणि मोक्याच्या ठिकाणी खांबावर लाल दिवा लावायचा. जवळपास हत्ती असला की गावातलाच एक माणूस फोन करून तो दिवा पेटवतो. मी पाहिला तेव्हा पाऊस पडत होता. बसमधून उतरलेल्या बायका छत्र्या उघडता उघडता आधी दिव्याकडे बघत होत्या. दिवा बंद होता. त्या हसत-बोलत, चपलांचा आवाज करत उतारावरून गेल्या. एवढंच दृश्य. पण जुन्नरच्या त्या बाईला जे हवं होतं ते हेच असावं असं मला वाटलं. आज रात्री जागायचं की झोपायचं, एवढं तरी कुणीतरी खात्रीने सांगावं.

लडाख-स्पितीकडेही असंच. हिमबिबट्या उघड्या छपराच्या गोठ्यात उडी मारतो आणि एकदा आत कोंडला गेला की एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारतो. घरचं वर्षाचं उत्पन्न सकाळी रक्तात पडलेलं असतं. मग गावकरी त्याला मारायला निघतात. तिथे गोठ्याच्या छताला जाळी आणि घट्ट बसणारं दार करून दिलं. बिबट्या वाचला आणि घरातली माणसं हिवाळाभर झोपली.

नागालँडमधल्या पांगती गावाची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि मला ती जास्त अवघड वाटते. सैबेरिया-मंगोलियाकडून आफ्रिकेकडे निघालेले अमूर ससाणे ऑक्टोबरमध्ये दोयांगच्या जलाशयाभोवती लाखोंनी उतरतात. आपल्याकडे लोणावळ्याच्या पठारावर हिवाळ्याच्या तोंडाला कधीकधी दिसतात तेच, कबुतराएवढे, लाल पायांचे. २०१२ साली पत्रकार बानो हारालू आणि त्यांच्या सोबत्यांनी तिथे जे चित्रित केलं ते बघवत नव्हतं: झाडांमध्ये ताणलेली मासेमारीची जाळी, त्यांत अडकलेले पक्षी, काठ्यांवर बांधलेल्या जुड्या. एका हंगामात सव्वा लाखाच्या आसपास पक्षी मारले जात असावेत असा अंदाज निघाला. आणि पुढच्याच वर्षी, २०१३ साली, एकही जाळं लागलं नाही. ग्रामसभा, चर्च, शाळा, सगळे त्यात उतरले. उपग्रह-पट्टी बांधलेल्या तीन ससाण्यांना ‘नागा’, ‘वोखा’ आणि ‘पांगती’ ही नावं दिली गेली, आणि गावाच्या नावाचा पक्षी अरबी समुद्र न थांबता ओलांडून गेला तेव्हा गावाने तो प्रवास डोळ्यांत तेल घालून पाहिला. जगभर कौतुक झालं, ते योग्यच होतं. पण ज्यांची शेतं दोयांगच्या धरणात गेली होती आणि वर्षाकाठी हाती येणारा रोख पैसा या पक्ष्यांतूनच येत होता, त्यांनी तो एका वर्षात सोडला. शहरातला कुठला व्यापारी, कुठला पगारदार, वर्षाच्या कमाईचा एवढा भाग एका पक्ष्यासाठी सोडेल? मी स्वतःला विचारून पाहिलं आणि उत्तर लवकर आलं नाही.

आनंदाने घातलेली जागलही असते, हे मला कोकणात कळलं. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्रच्या भाऊ काटदरे यांनी कासवांच्या घरट्यांचं राखण सुरू केलं. आता रत्नागिरीच्या कितीतरी किनाऱ्यांवर कासवमित्र आहेत. पूर्वी अंडी उकरून नेणाऱ्यांपैकीच काही जण आज ती राखतात. हिवाळ्यातल्या रात्री, भरतीची रेषा धरून, हातात काठी आणि मंद बॅटरी घेऊन हे लोक मैलोगणती चालतात. ओल्या वाळूवर मादीच्या वल्ह्यांचा माग दिसला की तो शेवटपर्यंत न्यायचा, घरटं शोधायचं, कुत्रा-कोल्हा यायच्या आत अंडी हलवायची. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अशाच एका रात्री अंडी घालायला आलेल्या मादीच्या वल्ह्यावर धातूचा बिल्ला सापडला: ०३२३३. तो मार्च २०२१ मध्ये ओदिशाच्या गहिरमाथ्याला लावलेला होता. बंगालच्या उपसागरातून द्वीपकल्पाला वळसा घालून, साडेतीन हजार किलोमीटर. पूर्वेच्या किनाऱ्यावर कुणीतरी रात्र जागून तिला बिल्ला लावला आणि पश्चिमेच्या किनाऱ्यावर कुणीतरी रात्र जागून तो वाचला. ही दोन माणसं एकमेकांना कधी भेटणार नाहीत. ही बातमी वाचली त्या दिवशी मी फार खुशीत होतो.

पण कासव कुणाचं पीक खात नाही, कुणाचं पोर नेत नाही. कासवमित्राला मानधन असतं, गावात मान असतो, पर्यटक येतात तेव्हा घरात चार पैसे येतात. उसाच्या कोपीतल्या बाईला यातलं काय आहे? मजुरीपोटी आगाऊ उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आणि जागरणाचा मोबदला कुठल्याच खात्यात लिहिलेला नसतो. माणूस गेला तर भरपाई मिळते, शेळी गेली तर पंचनामा होतो. कुणी गेलं नाही, काही गेलं नाही, नुसत्या रात्री गेल्या, तर? आपल्या देशात इतक्या माणसांच्या गर्दीत हत्ती, वाघ, लांडगे, बिबटे आजवर टिकले ते कायद्याने आणि अभयारण्यांनी टिकलेच, पण त्याहून जास्त अशा न मोजलेल्या रात्रींवर टिकले, असं मला आता ठामपणे वाटतं. म्हणून बिबट्याच्या पट्ट्यात शेतीला दिवसा वीज द्या, तोडीच्या टोळीला फडापासून लांब, दार लागेल अशी पक्की निवाऱ्याची जागा द्या, वस्तीवर संडास आणि उजेड द्या, या मागण्या मला वन्यजीव संरक्षणाच्याच मागण्या वाटतात. कारखान्याच्या गळीताच्या हिशोबात त्यांचा खर्च बसायला हवा, वनखात्याच्या गाडीच्या डिझेलात नव्हे.

मध्यंतरी मामांना फोन केला होता. आता सत्तरी उलटली आहे, गुडघे धरले आहेत, पण वावर सोडलेलं नाही. मागच्या वर्षी डुकरांनी हरभरा लोळवला, तेव्हा त्यांनी भरपाईचा अर्ज केला होता. सातबारा, फोटो, पंचनामा, तालुक्याच्या चकरा. जे हाती आलं त्यातून चकरांचा खर्च जेमतेम निघाला. वाघाबद्दल विचारलं तर म्हणाले, "हाय ना, नाल्यातच हाय. पण आता तोही डुकराले पुरत नाई." यंदा त्यांनी धुऱ्याच्या कडेने करडईच्या ओळी पेरल्या आहेत. काटेरी असते, डुक्कर आत शिरायला कचरतं, असं कुणी कृषी सहायकाने सांगितलं आणि त्यांना ते पटलं. मी विचारलं, रोह्यांचं काय? ते तर वरून उडी मारतात.

"त्याईच्यासाठी मी हावो ना," मामा म्हणाले, आणि मग बॅटरीचे सेल कुठल्या कंपनीचे टिकतात ते मला विचारायला लागले.